सूर्य मावळण्यापूर्वीची मजुरी

मे महिन्यातली संध्याकाळ. नागझिऱ्याच्या पिटेझरी किंवा चोरखमारा फाटकातून पर्यटकांच्या जिप्सी एकामागून एक बाहेर पडतात. कुणाला वाघ दिसलेला असतो, कुणाला वाघाच्या पावलांचे नुसते ठसे. कुणी रानगव्यांच्या कळपावर समाधान मानून परतलेला असतो. त्याच सुमारास भोवतालच्या गावांत दुसरी एक वर्दळ चालू असते. डोक्यावर तेंदूपानांच्या पुडक्यांचे ओझे घेऊन बायका-पुरुष तेंदूच्या फळीकडे, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या केंद्राकडे निघालेले असतात. अभयारण्याच्या आत पाने तोडायला मनाई आहे. म्हणून ही माणसे भोवतालच्या जंगलात पहाटे अंधार असतानाच शिरतात, उन्हे चढण्यापूर्वी परततात आणि मग सारे घर मिळून पुडकी बांधत बसते. ७० पानांचे एक पुडके, अशी १,००० पुडकी म्हणजे एक प्रमाण गोणी. फळीवरचा मुन्शी पुडकी मोजून घेतो, एखादे खराब म्हणून बाजूला टाकतो, वहीत आकडा लिहितो. दिवस बुडतो. पैसे मात्र त्या दिवशी हाती पडतातच असे नाही. आणि हंगामाचा बोनस तर हंगाम विसरला गेल्यावर येतो.

बायबलच्या जुन्या करारात अनुवाद नावाचे एक पुस्तक आहे. त्यात मजुराविषयी एक साधीच आज्ञा आहे: रोजंदारीवरचा माणूस स्वकीय असो की परका, त्याचे पैसे त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत चुकते करावेत. त्याची चूल त्या पैशांवर पेटणार असते, हे त्यामागचे कारण. आज्ञा सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. पण नागझिऱ्याच्या कडेला फळीवर उभे राहून ती आठवली, की धर्म आणि धंदा यांच्या नात्याचा सारा प्रश्नच समोर उभा राहतो. ख्रिस्ती माणसाने आपला धंदा श्रद्धेने चालवावा म्हणजे नेमके काय करावे?

दानाच्या आधीचा प्रश्न

या प्रश्नाचे आपल्याकडचे रूढ उत्तर सर्व धर्मांत सारखेच आहे. दुकानात देवाची तसबीर किंवा क्रूस असावा, उद्घाटनाला प्रार्थना किंवा पूजा व्हावी, आणि वर्षअखेर नफ्यातला काही भाग देवळाला, चर्चला, शाळेला, दवाखान्याला द्यावा. जग कमावते तसे कमवावे आणि संतांसारखे द्यावे, अशी ही विभागणी. ती वाईट आहे असे कोण म्हणेल? आपली कितीतरी रुग्णालये आणि धर्मशाळा अशाच दानावर उभ्या राहिल्या.

पण बायबलचा प्रश्न दानपेटीच्या बराच आधी सुरू होतो. तो तराजूशी सुरू होतो: घ्यायचे माप एक आणि द्यायचे दुसरे, हे चालणार नाही. तो कर्जाशी सुरू होतो: गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल, तर रात्र पडण्यापूर्वी परत द्यावे. आणि तो मजुरीशी सुरू होतो. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा सूर तर एखाद्या कामगार पुढाऱ्यासारखा आहे: शेतात राबलेल्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच मालकाविरुद्ध ओरडत असते, असे तो धनिकांना बजावतो. नफ्यातून काय दिले हे नंतर पाहू. तो नफा साठला कसा हे आधी सांगा, असा हा हट्ट आहे.

हा केवळ धर्मग्रंथातला हट्ट राहिलेला नाही. आपल्याच सरकारने २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात लहान उद्योगांचे पैसे मोठ्यांनी फार तर ४५ दिवसांत द्यावेत असा दंडक घातला. तो पुरेसा पाळला जाईना, तेव्हा २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला प्राप्तिकराची वेसण घातली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरला जाणार नाही. दुसऱ्याचे पैसे आपल्या गल्ल्यात अडकवून ठेवणे ही आपल्या बाजाराची केवढी अंगवळणी पडलेली सवय आहे, याचा हा सरकारी कबुलीजबाबच म्हणावा लागेल.

मगनवाडीचा हिशेबनीस

श्रद्धेला हिशेबाच्या वहीत उतरवून दाखवणारा एक ख्रिस्ती माणूस आपल्या विदर्भातच राहत होता, आणि त्याची आठवण फारशी कुणाला नाही. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे त्याचे नाव. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्म, लंडनमध्ये हिशेबशास्त्राचे शिक्षण, मुंबईत हिशेब तपासणीची स्वतःची पेढी, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्राचा अभ्यास. १९२९ साली त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि सुटाबुटातला हा हिशेबनीस खादीत आला. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याची धुरा कुमारप्पांकडे आली आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्यांचे घर झाले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ असे उद्योग तिथे नुसते शिकवले जात नव्हते. त्यांचा खर्च, मजुरी आणि उत्पन्न काटेकोरपणे मांडले जात होते. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने नेमलेल्या उद्योग पाहणी समितीचे ते अध्यक्ष झाले. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत ज्या भंडारा जिल्ह्यात होता, तो त्याच प्रांताचा भाग होता.

त्यांच्या करड्या हिशेबाची एक गोष्ट सांगितली जाते. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. गांधीजी आपल्या मंडळींसह तिकडे आले, तेव्हा कुमारप्पांनी कळवले, की या मंडळींचा खर्च निधीतून करता येणार नाही. लोकांनी पैसा भूकंपग्रस्तांसाठी दिला आहे, पाहुण्यांसाठी नाही. गांधीजींनी ते मान्य केले.

कुमारप्पांचा ख्रिस्ती धर्म चर्चच्या भिंतीत मावणारा नव्हता. सत्याग्रहींवर लाठ्या चालत असताना गप्प बसणाऱ्या बिशपांना त्यांनी १९३० साली जाहीरपणे जाब विचारला. जबलपूरच्या तुरुंगात असताना येशूच्या आचारधर्मावर पुस्तक लिहिले, आणि तिथेच चिरस्थायी अर्थव्यवस्थेविषयीचेही. या दोन पुस्तकांत त्यांना विषयांतर वाटत नव्हते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की वस्तूबरोबर ती बनवताना झालेला अन्यायही विकत घेतला जातो. म्हणून माल कुठून, कुणाच्या हातून, कोणत्या स्थितीत आला हे ठाऊक असणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि ज्याची खात्री देता येत नाही, असा व्यवहार आटोपता घ्यावा.

याच विचाराचा आणखी एक झरा वर्ध्यापर्यंत आला होता. मत्तयकृत शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त आहे. पहाटे आलेल्या मजुराला आणि दिवस कलता कलता आलेल्या मजुराला तो सारखीच मजुरी देतो. या दृष्टान्तावरून जॉन रस्किनने १८६० साली अर्थशास्त्रावरच्या आपल्या निबंधांना ‘अन टू धिस लास्ट’ हे नाव दिले. गांधीजींनी ते पुस्तक १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात वाचले आणि पुढे गुजरातीत त्याचे सार लिहून त्याला ‘सर्वोदय’ म्हटले. विदर्भाने आपला मानलेला हा शब्द असा एका द्राक्षमळ्यातून आला आहे. त्या दृष्टान्तातला एक बारकावा सहसा निसटतो. धनी कारभाऱ्याला सांगतो, की पैसे वाटायला सुरुवात शेवटच्या माणसापासून कर. किती द्यायचे याबरोबरच आधी कुणाला द्यायचे, याचाही हा धडा आहे.

आठ वर्षांचा उशीर

शेवटचा माणूस डोळ्यांसमोर असेल तर हे सोपे. तो हजारो मैलांवर असेल तर? इथे इंग्लंडमधल्या कॅडबरी घराण्याची कथा पाहण्यासारखी आहे. हे लोक क्वेकर पंथाचे. शपथ घ्यायला नकार दिल्यामुळे आणि राजमान्य चर्चच्या बाहेर राहिल्यामुळे क्वेकरांना विद्यापीठे आणि सरकारी पदे बंद होती; म्हणून ते व्यापारात शिरले. एकच भाव सांगावा, घासाघीस करू नये, अशी त्यांची रीत. कुणी बेफिकिरीने धंदा करून दिवाळे काढले, तर पंथ त्याला बाहेर काढत असे. म्हणजे दुकानदाराच्या वहीवर त्याच्या प्रार्थनासभेचा डोळा असे. याच शिस्तीतून जॉन कॅडबरीने १८२४ साली बर्मिंगहॅमला दुकान काढले आणि दारूला पर्याय म्हणून चहा, कॉफी, कोको विकला. त्याच्या मुलांनी १८७९ साली बोर्नव्हिलला मोकळ्या हवेत कारखाना नेला आणि पुढे कामगारांसाठी बागांसह घरे वसवली. श्रद्धाळू उद्योगाचा आदर्श म्हणून जग त्याकडे पाहू लागले.

आणि १९०१ साली विल्यम कॅडबरींच्या कानावर आले, की पोर्तुगिजांच्या साओ टोमे बेटावरून येणारा आपला कोको गुलामांच्या श्रमातून पिकतो. त्यांनी चौकशी केली, माणूस पाठवला, अहवाल मागवला, सरकारशी पत्रव्यवहार केला. कोकोची खरेदी मात्र चालूच राहिली. ती थांबली १९०९ च्या मार्चमध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस एका वृत्तपत्राविरुद्धचा बदनामीचा खटला कॅडबरी जिंकले. पण पंचांनी भरपाई ठरवली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. कायद्याने तुम्ही बरोबर. अब्रूचे मोल तुम्हीच करा, असा तो निवाडा होता.

कॅडबरी ढोंगी होते असे म्हणून ही कथा संपवता येत नाही. ते मनाने प्रामाणिक होते, म्हणूनच ती आपल्याला बोचते. समोरच्या कामगारासाठी बागा फुलवणारी श्रद्धा दृष्टीआडच्या कामगारासाठी आठ वर्षे फायली चाळत बसते. तेंदूचे पान तर फळीवरून निघून गोदामात, तिथून विडी कारखानदाराकडे, तिथून ठेकेदारामार्फत घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांकडे, आणि त्यांनी वळलेल्या विड्यांतली ‘छाट’ बाजूला काढून बाजारात जाते. या साखळीत शेवटचा माणूस कोण, हे सांगायलाही बराच शोध घ्यावा लागतो. शिवाय तंबाखू ज्याच्या छातीत जाते तोही या साखळीत आहेच. दारूला पर्याय शोधणाऱ्या त्या जुन्या दुकानदाराने हाही हिशेब विचारला असता.

कौलांवरची अक्षरे

आपल्या बाजूचे उदाहरण घ्यायचे, तर कोकणातल्या जुन्या घरावरचे एखादे मंगलोरी कौल उलटून पाहावे. त्यावर बासेल मिशनचा शिक्का सापडण्याचा संभव आहे. स्वित्झर्लंडच्या बासेल गावातले हे मिशन १८३४ साली मंगळूरला आले. धर्मांतर केलेल्यांना जातीचा धंदा, जमिनीचा आधार आणि घरचे छप्पर एकदमच गमवावे लागे. त्यांच्या पोटासाठी मिशनने हातमाग घातले, छापखाना काढला, आणि १८६५ साली जॉर्ज प्लेब्स्ट या मिशनऱ्याने कौलांचा कारखाना उभारला. यंत्रावरची ती हलकी, एकमेकांत अडकणारी कौले सारा पश्चिम किनारा पांघरून बसली. वेळेवर काम, रविवारी सुटी, दारूला बंदी, हिशेब चोख, असा तिथला शिरस्ता होता.

पण या उद्योगाच्या पोटातच एक पेच होता. कामावर ठेवणारा, घर देणारा आणि चर्चमध्ये उपदेश करणारा एकाच संस्थेचा माणूस. मग कामगाराने मजुरीबद्दल तक्रार केली, तर ती मालकाविरुद्धची तक्रार की श्रद्धेतली उणीव? आणि तो प्रार्थनेला आला, तर भक्तीने की नोकरीने? मिशनऱ्यांनाही हा प्रश्न छळत होता. पहिल्या महायुद्धात हा सारा पसारा शत्रूची मालमत्ता म्हणून इंग्रज सरकारने ताब्यात घेतला आणि मालकीची सूत्रे परकी होती, हे उघडे पडले. मालक कितीही भला असो, सर्वांचे भले जर त्याच्या एकट्याच्या भलेपणावर टांगलेले असेल, तर तो टांगलेला दोर केव्हा तुटेल सांगता येत नाही.

रांची ते वसई

हे ओळखले ते जर्मनीतल्या एका खेड्यांच्या कारभाऱ्याने. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हा सश्रद्ध प्रॉटेस्टंट. दुष्काळात गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी त्याने आधी श्रीमंतांच्या दानावर मंडळी उभी केली. दात्यांचा उत्साह ओसरतो हे अनुभवाने कळल्यावर १८६४ साली त्याने पद्धत बदलली: कर्ज घेणाराच सभासद, सभासदच एकमेकांना जामीन, आणि वही सर्वांसमोर उघडी. शेजाऱ्यावरच्या प्रेमाला त्याने जामिनाचे रूप दिले. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सनने आपल्या अहवालात हीच पद्धत भारतासाठी सुचवली आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला.

या कायद्याच्या आधाराने १९०९ साली, म्हणजे कॅडबरींनी अखेर खरेदी थांबवली त्याच वर्षी, छोटा नागपूरच्या जंगलात फादर योहान हॉफमन या जेझुइटाने आदिवासींची कॅथॉलिक सहकारी पतसंस्था काढली. सावकाराच्या वहीतून जमीन सोडवायची, तर आदिवासीची स्वतःची वही हवी, हा त्यामागचा विचार. १९१५ मध्ये जर्मन म्हणून हॉफमनना देशाबाहेर पाठवले गेले, पण संस्था टिकली, कारण ती त्यांची एकट्याची नव्हती.

आणि १९१८ साली आपल्या वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी बॅसिन कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. केळी, नागवेलीची पाने, भाजीपाला मुंबईला पाठवणारा वसईचा ख्रिस्ती शेतकरी सावकारी पाशात होता. रविवारी चर्चमध्ये शेजारी बसणाऱ्यांनी आठवड्याच्या उरलेल्या दिवशी एकमेकांना जामीन राहावे, एवढीच ती कल्पना. त्या पतसंस्थेची पुढे बँक झाली आणि २०१८ मध्ये तिने शंभरी गाठली.

वसईने दुसरी बाजूही दाखवली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शहरीकरणाची दारे उघडली, जमिनीचे भाव भडकले, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. धर्मगुरूने ऐहिक बाबतीत का पडावे, असे त्यांना विचारले गेले. पण ज्या समाजाने सावकारापासून जमीन सोडवण्यासाठी पतपेढी काढली, त्याच्या पुढच्या पिढीने ती जमीन कुणाला आणि कशासाठी विकावी, हा प्रश्न चर्चच्या दारातच उभा होता. विहीर माझी असली, तरी भूगर्भातले पाणी माझे एकट्याचे कसे? दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये गेले. तो प्रश्न मात्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाढत्या गावात जिवंत आहे.

पुन्हा नागझिरा

नागझिऱ्याच्या भोवतालीही तो आहेच. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला आणि जंगलाच्या कडेची जमीन निवासगृहांना हवीशी झाली. पावसाळ्यात पर्यटन बंद असते. तेव्हा मालकाच्या वहीत तोटा दिसतो. पण स्वयंपाकी, मार्गदर्शक, जिप्सीचा चालक यांच्या घरी काय दिसते? २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गोंदिया-गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदू स्वतः विकू लागल्या. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २०११ मध्ये बांबूचा हक्क मिळवून वाट दाखवली होती. लिलाव, करार, मजुरी, नफ्याची वाटणी हे सारे गावासमोर वाचले जावे, हे त्यातले मर्म. ठेकेदाराने पैसे थकवल्याच्या तक्रारी ग्रामसभांनाही चुकलेल्या नाहीत. पण थकलेला आकडा आता गावाला ठाऊक असतो. यातली बहुतेक माणसे गोंड आहेत, ख्रिस्ती नाहीत. तरीही रायफायझेनच्या खेड्यातली ती उघडी वही इथे पुन्हा भेटते.

यावर व्यापारी म्हणेल, हे सारे छापायला ठीक आहे. मला माझे गिऱ्हाईक तीन-तीन महिने पैसे देत नाही. मी रोज संध्याकाळी सर्वांचे चुकते केले तर महिन्याभरात शटर खाली ओढावे लागेल. आक्षेप खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. श्रद्धेने धंदा करणाऱ्याला कधीकधी कमी नफा होईल, एखादे मोठे काम सोडावे लागेल. त्याची झळ जिथे लागतच नाही, ती श्रद्धा भिंतीवरच्या तसबिरीपुरती उरते. पण गल्ल्यात पैसा कमी असतानाही रांग लावणे मालकाच्या हाती असते. बँकेचा हप्ता, घराचे रंगकाम, मोठ्या पुरवठादाराची मर्जी, की झाडलोट करणाऱ्या बाईचा पगार? द्राक्षमळ्याच्या धन्याने कारभाऱ्याला दिलेली सूचना इथे जशीच्या तशी लागू पडते: सुरुवात शेवटच्यापासून. दान शिल्लक राहिल्यावर देता येते. हा क्रम मात्र शिल्लक नसतानाच कसाला लागतो. आणि ज्यांनी तो एकट्याच्या मनावर सोडला नाही, सभासदांच्या, शेजाऱ्यांच्या, ग्रामसभेच्या नजरेखाली ठेवला, त्यांचाच क्रम टिकला.

मराठी ख्रिस्ती बांधव आपल्या श्रद्धेला ‘विश्वास’ म्हणतात. आपला वाणीही तोच शब्द वापरतो: विश्वासावर माल दिला, विश्वासावर उधारी ठेवली. एका शब्दाचे हे दोन अर्थ प्रार्थनेच्या वेळी सहज जुळतात. फळीवरच्या बाईने मात्र आज ७० पानांचे प्रत्येक पुडके विश्वासावरच देऊन टाकलेले असते. मुन्शीने वही मिटलेली असते, शेवटची जिप्सी डांबरी रस्त्याला लागलेली असते, आणि नागझिऱ्याच्या डोंगरांआड सूर्य मावळलेला असतो. ती घरी जाऊन चूल पेटवते. आज तिच्यावर काय शिजणार, हे कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीत ठरत असते.